शांताराम मेस्ताची खरवडगाडी

"माझ्या हातसून माणूस मेलो काय, इतक्याच माका सांगा," यशोदा गावडे म्हणाली. "मेलो असात तर तसा सांगा. पण खरा सांगा."

नारायण तळवणेकरांनी चहात बुडवलेला पाव तसाच बशीत ठेवला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. डिचोलीच्या बाजारात, औषधाच्या दुकानावर त्यांची खोली होती. गोवा मुक्त होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. खाणींच्या ट्रकांनी रस्ते लाल केले होते, आणि त्या ट्रकांच्या अपघातांची विमा कंपन्यांसाठी चौकशी करता करता तळवणेकर खाजगी तपासही करू लागले होते. त्यांना सगळीकडे नेणारा साखळीचा टॅक्सीवाला महादेव दाराशी बसला होता. तो भाडं घेई, मतं मात्र फुकट देई.

"बसा आधी," तळवणेकर म्हणाले.

ती बसली नाही. दोन्ही हात पदराखाली घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

यशोदा सावंतवाडीकडची. नवरा गेल्यावर बारा वर्षं ती गावाबाहेरच्या एका खाण कंपनीच्या गॅरेजात झाडलोट करत होती. ट्रकांच्या चाकांना लागून येणारा लाल चिखल फरशीवर वाळला की दगड होतो. तो ती उकिडवी बसून खुरप्याने खरवडायची. त्यात तिची कंबर कामातून गेली. गॅरेजचा लोहार शांताराम च्यारी, ज्याला सगळे मेस्त म्हणत, त्याला ते बघवेना. त्याने तिच्यासाठी खरवडगाडी बनवली. पुढे हातभर रुंद पातं, मागे दोन लोखंडी चाकं आणि उभ्याने धरायचा लांब दांडा.

"श्रावणात पयली केली ती उतारावरसून धावत सुटली," यशोदा म्हणाली. "डिझेलचो ड्रम चेपलो. सगळ्यांनी बघल्यानी. मगे मेस्तांनी ती परत भट्टीकडे नेली."

"आणि मग?"

"मगे बरी झाली. म्हयनोभर रोज चालवतंय. खंडेनवमीक सगळी हत्यारा धुतलंय, गाडयेच्या चाकांक तेल घातलंय. उताराच्या माथ्यार, पूजेच्या मेजाकडे ती उभी केलंय, आणि मगे पात्याक नि चाकांक कुंकवाची बोटा ओढलंय. साडेबारांक सगळी जेवूक गेली. मेस्त एकटे रवले. तीन वाजता..."

मेस्त उताराच्या पायथ्याशी, नालीकडे तोंड करून पालथा पडलेला सापडला होता. डोक्यामागे खोल जखम आणि त्याच डोक्याला टेकलेलं गाडीचं पातं. फौजदाराचं मत झालं होतं, की वर ठेवलेली गाडी सुटली आणि हात धूत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर आदळली. हयगय यशोदेची. उद्या सकाळी तो तिला न्यायला येणार होता.

"तुम्ही फौजदाराला काय सांगितलंत? शब्द न् शब्द सांगा."

"मी सांगलंय, साहेबानू, मी हात सोडलंय तेव्हा गाडी बसली."

महादेवने कपाळावर हात मारला. "असं सांगतात होय बाई? गाडी बसली म्हणजे बिघडली. बिघडलेली गाडी उतारावर ठेवली, असा कबुलीजबाबच दिलात की!"

"तेंनी तसाच लिवल्यानी," ती हळूच म्हणाली. "आता माझाच माका कळना नाय. तेल मीच घातलंय मा? तेलानच सुटली असात..." तिने पदराखालचे हात बाहेर काढले आणि ते दुसऱ्या कुणाचे असावेत तशी त्यांच्याकडे बघत राहिली.

तळवणेकरांनी कोट चढवला.

गॅरेज दोन दिवस बंदच होतं. व्यवस्थापक रघुनाथबाबांनी कुरकुरत कुलूप काढलं. विम्याच्या कामामुळे ते तळवणेकरांना ओळखत होते, म्हणून नाही म्हणता आलं नाही.

पंधरा-वीस फुटांचा सिमेंटचा उतार. माथ्यावर लांब मेज, त्यावर हातोडे, पाने, टायर उचकटायच्या टॉम्या, सगळं ओळीने मांडलेलं. झेंडू सुकले होते, पण प्रत्येक हत्यारावर कुंकवाचं बोट अजून लाल होतं.

"महादेव, या मेजावर काय दिसतं?"

"हत्यारं. आणि उंदरांनी खाल्लेला नारळ."

"आणखी?"

महादेवने मान वाकडी केली. "ही एक टॉमी जास्त स्वच्छ आहे. कुणीतरी बरी घासलीय. इतरांनीही घासायला काय हरकत होती?"

तळवणेकरांनी ती हात न लावता वाकून पाहिली. मेजाजवळ चिऱ्याचा एक तुकडा पडला होता, पावाएवढा. तो त्यांनी पायाने उलटा करून पाहिला आणि उतार उतरून खाली गेले.

गाडी तिथेच होती. पात्यावर जाड रुळाचा एक तुकडा ठोकून बसवला होता. शेजारी रक्ताचा डाग लाल धुळीत मिसळून वाळला होता. तळवणेकर गुडघ्यांवर बसले आणि चाकं बघू लागले. दोन्ही चाकांच्या धावांवर, जिथे चाक जमिनीवर फिरतं तिथे, कुंकवाची आडवी रेघ होती. तेलकट, ओली वाटावी अशी, आणि कुठे पुसलेली नाही.

"खंडेनवमीला कोण कोण होतं इथे?" त्यांनी विचारलं.

"यशोदा, मेस्त, फिटर बाबली, मी," रघुनाथबाब म्हणाले. "आणि गुरुदास. पूर्वी इथेच सुपरवायझर होता, हल्ली वास्कोला असतो. पूजेला म्हणून सकाळच्या बसने आला होता. जेवायला सगळे आपापल्या घरी गेलो. फाटकाला कुलूप नव्हतं. सणाच्या दिवशी कोण लावणार? शेजारी कामगारांच्या खोल्या आहेत, पण कुणी काही ऐकलं नाही. हे बघा, बाई कामाची आहे, मला वाईट वाटतं. पण कंपनीला लफडं नको आहे. अपघात तो अपघात."

"बाईला गाडी चालवताना बघितलंत कधी?"

"रोज बघतो. माझी खिडकी उतारावरच उघडते."

बाबली पेडण्याचा, चाळिशीचा, तोंडाने फटकळ. बोलावल्यावर तो टोपी कुस्करत आला.

"मेस्ताशी तुझं भांडण होतं म्हणे."

"आसलां. माझी टॉमी तो विचारल्याबगर घेय. तेवढ्यासाठी कोण माणूस मारता?" त्याचे डोळे भरून आले आणि त्याचाच त्याला राग आला. "वीस वर्सां एका भट्टीर काम केलां आमी. माका कित्याक विचारतात?"

"हा दगड तुझा?"

बाबलीने चिऱ्याकडे बघितलं. "धोंडो? कसलो धोंडो? हांगा धोंड्याचें काय काम?"

सणाला साखळीच्या घरी थांबलेला गुरुदास निरोप मिळताच दुपारी आला. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. बोलणं नम्र होतं.

"फार वाईट झालं. चूक त्या बिचारीची तरी कशी म्हणायची? तिने चाकाखाली दगड लावला होता. पण चाकांना तेल, त्यात उतार, तो सटकला असणार. श्रावणात मी तिला दहादा बजावलं होतं, दगड नीट लाव म्हणून."

"श्रावणानंतर?"

"श्रावण संपता संपता मला वास्कोच्या वर्कशॉपात पाठवलं. तेव्हापासून परवाच आलो. पूजा आटोपून लगेच साखळीला घरी गेलो." त्याने बॅगेतून एक कागद काढला. "ही कल्पना तशी आम्हा दोघांचीच. मेस्त भिंतीवर खडूने काढायचा, कागदावर मी उतरवलं. वास्कोला साहेबांना पसंत पडलंय. बंदराच्या शेडमधून अशा पन्नास गाड्या लागतील. ते काम माझ्या हाताखाली चालणार आहे."

तळवणेकरांनी कागद उजेडात धरला. रेघा सुबक होत्या. पातं, दोन चाकं, दांडा. बाकी काही नव्हतं.

"छान काढलंय," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला. "चार वाजता सगळ्यांनी उताराशी या. यशोदाबाईंनाही बोलवा."

चार वाजता उन्हाची तिरीप उतारावर पडली होती. तळवणेकरांनी आणि महादेवने गाडी उचलून माथ्यावर आणली, पातं उताराकडे करून ठेवली. चिऱ्याचा दगड तळवणेकरांनी नालीत टाकून दिला.

"यशोदाबाई, दांडा धरा."

"नको, साहेबानू." ती मागे सरली. "माका तेका हात लावूक सांगा नको."

"धरा. मी सांगितलं की सोडा."

मग ते उतार उतरून गेले आणि मेस्त पडला होता तिथेच पाठमोरे उकिडवे बसले. महादेव ओरडला, "बाब, हे काय आरंभलंत? शंभर रत्तल लोखंड आहे ते!"

"सोडा, यशोदाबाई."

बारा वर्षांत कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. ज्या एकाने पाहिलं तोच त्या उताराच्या पायथ्याशी मेला होता. तिने डोळे मिटले आणि दांडा सोडला.

लोखंड सिमेंटवर कचकन वाजलं. पुढे काही झालं नाही. पातं फरशीत रुतलं होतं आणि चाकं जागची हलली नव्हती.

"बसली," यशोदा पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "बसली! मी म्हटलंय नाय, हात सोडलंय की ती बसता!"

तळवणेकर उठले, गुडघे झाडत वर आले.

"महादेव, तुझी गाडी बसते तेव्हा ती बिघडते. ही बसते तेव्हा ती नीट चाललेली असते. श्रावणात गाडी पळाली, तेव्हा मेस्ताने पात्यावर हा रुळाचा तुकडा चढवला. दांडा दाबला की पातं उचलतं आणि चाकं फिरतात. हात सुटला की वजनाने पातं खाली बसतं, आणि गाडी जागच्या जागी थांबते. बाईंनी फौजदाराला खरं तेच सांगितलं होतं. शब्द एकच, पण त्याने तो तुझ्यासारखा ऐकला."

महादेव खाली बघू लागला.

"म्हणजे गाडी पळाली नाही," रघुनाथबाब म्हणाले.

"चाकही फिरलं नाही. धावांवरची कुंकवाची रेघ बघा, अख्खी आहे. वीस फूट आली असती तर पुसली गेली असती. कुणीतरी गाडी उचलून खाली नेली. शेजारच्या खोल्यांत लोक जेवत होते, ढकलली असती तर लोखंडी चाकांचा खडखडाट त्यांनी ऐकला असता. नेली कधी? मेस्त मेल्यावर. मारलं कशाने? त्या मेजावरच्या एका टॉमीने. पूजेनंतर हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावत नाही, तुम्ही कुणीही लावणार नाही. तरी एका टॉमीचं कुंकू धुतलं गेलंय. कारण त्यावर कुंकवापेक्षा लाल काहीतरी लागलं होतं."

"माझी टॉमी!" बाबलीचा चेहरा पडला.

"तुझी होती, पण हात तुझा नव्हता. मारणाऱ्याने अपघात रचला, आणि बाईंनी लावलेला दगड सटकला असं वाटावं म्हणून मेजापाशी चिरा आणून टाकला. पण महिनाभर या गाडीला दगड लावत नाहीत. बाबलीला तर तो दगड कशासाठी हेच कळेना. रघुनाथबाब रोज खिडकीतून गाडी बसताना बघतात. ज्याला हे ठाऊक आहे त्याला अपघातच रचायचा असता, तर त्याने जॅक सटकवला असता, दुसरं काही केलं असतं. न पळणारी गाडी पळाली असं तो कधीच दाखवणार नाही. गाडी अजून पळते असं समजणारा माणूस इथे एकच होता. आत्ता मी खालून उठून वळलो तेव्हा तुम्ही सगळे जागेवरच उभे होतात. एकटा माणूस उतारापासून चार पावलं बाजूला झाला होता."

सगळ्यांनी गुरुदासकडे पाहिलं. तो भिंतीला लागून उभा होता.

"तुम्ही भिंतीवरून उतरवलेलं चित्र श्रावणातलं होतं," तळवणेकर म्हणाले. "मेस्ताचं चुकलेलं काम तुम्ही चोरलंत, गुरुदास. आणि खूनही त्याच चुकलेल्या कागदावरून केलात."

मग गुरुदास बोलला, कुणाकडेही न बघता.

"मी सांगितलं त्याला, वास्कोत तुझं नावही घालीन खाली. तो हसला. म्हणाला, उद्या यशोदेला घेऊन मीच येतो वास्कोला. तू नेलंस ते अर्धंच आहे, उरलेलं अर्धं तिच्या हातात आहे. मला वाटलं, झाडूवालीला माझ्या बरोबरीने साहेबांपुढे उभी करणार. तो हात धुवायला खाली गेला. टॉमी समोरच होती."

"तो तुम्हाला तुमची चूक दाखवत होता," तळवणेकर म्हणाले. "ऐकलं असतंत तर तोही जगला असता आणि तुम्हीही."

बाबली पुढे धावला, पण महादेवने त्याला कवेत धरून ठेवलं. रघुनाथबाब टेलिफोनकडे गेले.

फौजदार गुरुदासला घेऊन गेला तेव्हा ऊन उतरलं होतं. जाताना फौजदाराने यशोदेकडे पाहायचं टाळलं. रघुनाथबाब अवघडून म्हणाले, "यशोदा, तो खालचा डाग... उद्या दुसऱ्या कुणाला तरी सांगतो."

"नको, रघुनाथबाब. मेस्तांचा रक्त असा ता. दुसऱ्या कोणाचो पाय पडूक नको."

तिने बादलीभर पाणी ओतलं. दांडा दाबून गाडी उतारावरून सावकाश खाली नेली. चाकांवरची कुंकवाची रेघ पहिल्याच फेऱ्यात पुसली. कमरेत न वाकता, मेस्ताने शिकवलं होतं तशी ताठ उभी राहून ती खरवडत राहिली. लाल पाणी नालीत उतरू लागलं.

अर्ध्यावर तिला समोरचं दिसेना. डोळे पुसायला तिने दांडा सोडला. गाडी तिच्याजवळ बसून राहिली.