एकतिसावं मत

स्टाफरूममध्ये त्या दुपारी लग्नघरासारखा गलका होता. पदवीच्या मुलांनीही संशोधन करावं म्हणून विद्यापीठात एक परिषद निघाली होती आणि तिच्यावर विज्ञान शाखेचा एक प्रतिनिधी निवडून द्यायचा होता. मतदार तीस, उमेदवार दोन: भौतिकशास्त्राचे सर आणि शेवाळबाई. बाई वनस्पतिशास्त्राच्या. शेवाळाचा विषय निघाला की तासभर थांबायच्या नाहीत, म्हणून हे नाव पडलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

सरांचं म्हणणं, संशोधन शेवटच्या वर्षालाच. त्याआधी म्हणजे नसती उठाठेव. बाईंच्या तीन विद्यार्थिनी मात्र दुसऱ्या वर्षाला होत्या. आठ महिने आवारातल्या भिंती खरवडून त्यांनी एक असं शेवाळ शोधलं होतं, की ज्याला पुस्तकात नावच नव्हतं. बाई निवडून आल्या तरच ते काम पुढे सरकणार. समसमान मतं पडली, तर जागा वर्षभर रिकामी आणि मुलींच्या कामाला टाळं.

निवडणूक अधिकारी होते ग्रंथपाल. स्वतःच्या बायकोलाही सहीशिवाय पुस्तक न देणारा माणूस. त्यांनी पेटी उघडली. यादीत सह्या तीस, चिठ्ठ्या एकतीस. पंधरांवर सरांचं नाव, पंधरांवर बाईंचं, आणि एकीवर नुसतं "आपल्या बाई".

"ही आगाऊ चिठ्ठी कुणाची?" ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. सगळे खो खो हसले. बाईंनी मात्र मनात हिशेब केला. ती चिठ्ठी बाद झाली, की पंधरा-पंधरा.

पुन्हा मतदान झालं. या वेळी ग्रंथपालांनी मोजून तीस चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीच्या मागे सही केली आणि उरलेला कागद खिशात घातला. पेटीतून एकतीस निघाल्या. "आपल्या बाई" लिहिलेल्या चिठ्ठीमागेही त्यांचीच सही होती. तिची शाई अजून ओली होती, अंगठ्याला लागली.

"एखादी जास्त कापली असेल हो, वय झालं आता," सर म्हणाले. ग्रंथपाल हसले नाहीत.

"हात वर करा. सरांना?"

पंधरा.

"बाईंना?"

सोळा.

त्यांनी यादी वाचली. तीस नावं, तीस वेळा "हजर". मग डोकी मोजली. एकतीस. सरांनी मोजली, एकतीस. खोलीत परका चेहरा एकही नव्हता. प्रत्येकाला वाटत होतं, यातल्या सगळ्यांबरोबर आपण रोज चहा पितो.

पावसाचं नाव नसताना खोलीत ओल्या भिंतीचा वास येत होता.

शेवटी सरच उठले. "लिहून टाका, सोळा-पंधरा. पोरांसाठी कुणी इतकं हट्टाला पेटलं असेल, तर मी हरलो बुवा."

ग्रंथपालांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

टाळ्यांनी खोली दणाणली. बाहेर तिन्ही मुली ताटकळत होत्या. निकाल कळताच त्यांनी एकमेकींना मिठ्या मारून नुसता धिंगाणा घातला. "बाई, आता सूक्ष्मदर्शक आपला," असं म्हणत त्या प्रयोगशाळेकडे पळाल्यासुद्धा. बाईंचे डोळे भरून आले. कित्येक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता.

बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि त्यांनी घरी फोन लावला.

"आई, निवडून आलो."

"आलो काय गं? आले म्हण," आई हसली. "का आणखी कुणी आहे?"

"अगं, आम्ही दोघी," बाई सहज बोलून गेल्या. बाकावरची पर्स त्यांनी कधीच उचलून मांडीवर घेतली होती, आणि शेजारी, ओल्या भिंतीचा तोच वास येत होता त्या बाजूला, एका माणसापुरती जागा करून त्या अगदी कडेला सरकून बसल्या होत्या.