पाचवी सवाष्ण

बसा पोरांनो, अन् मोबाईल खिशात ठेवा. ही गोष्ट आखाडा बाळापूरच्या विश्वंभरच्या घरची. जुन्या पोथ्यांना शिवण घालणारा विश्वंभर माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याच्या बायकोनं, शिवकन्येनं सांगितलं तसंच सांगतो.

गेल्या श्रावणातला दुसरा गुरुवार. संध्याकाळी शिवकन्या कुंकवाचा करंडा घेऊन निघाली. दुसऱ्या दिवशी जिवतीची पूजा, पाच सवाष्णींना जेवायला सांगायचं होतं. पाच महिन्यांच्या लेकरासाठी तिची ही पहिलीच जिवती. चार घरी कुंकू लावून आमंत्रण दिलं. पाचवी नेमकी माहेरी गेलेली. हिरमुसून परत आली.

घरी विश्वंभरपुढं एक परदेशी पोथी उघडी होती. हैदराबादच्या कुण्या शौकिनानं शिवायला दिलेली. फ्रान्सातली, पाचशे वर्षांपूर्वी कातड्यावर हातानं लिहिलेली प्रार्थनेची पोथी. पानोपानी रंगीत चित्रं, त्यांवर सोन्याचा वर्ख, कडेनं लाल स्ट्रॉबेरीचे वेल. उघड्या पानावर निळ्या झग्यातली एक बाई गुडघे टेकून, हात जोडून बसलेली.

"ही कोण हो?"

"पोथीची मालकीण. लेकरू जगावं म्हणून लिहून घेतली म्हणे. न्हाई जगलं."

शिवकन्येला गलबलून आलं. पाचवीची नड तर होतीच. तिनं त्या बाईच्या कपाळी कुंकू टेकवलं. "उद्या जेवायला या, बाई."

"काहून रंग नासवून राहिली?" विश्वंभर कावला. "लोकाची चीज हाय ती."

शुक्रवारी चौघी जेवल्या, ओट्या भरून घेऊन गेल्या. पाचवं ताट वाढलंच नाही. कामाच्या गडबडीत शिवकन्या साफ विसरली.

रात्री एक वाजून दहा मिनिटं. लाईट गेलेली. जिवतीपुढचा दिवा तेवढा जळत होता. पाळण्याची कडी करकरली, तशी शिवकन्या जागी झाली.

पाळण्याशी कुणीतरी उभं होतं.

निळा झगा. कपाळी कुंकू. हात जोडलेले नव्हते... झग्याचा घोळ दोन्ही हातांनी पुढं पसरलेला.

"कोण...?"



तिनं नवऱ्याला हलवलं, तो उठला नाही. 

ती झग्यातली बाई पाळण्यात वाकली. लेकरू हुंकारलं... अन् गप्प झालं.

शिवकन्या कशीबशी उठली. एकच पुरणपोळी उरली होती. पाट मांडला, ताट ठेवलं.

"चुकलं माझं, बाई... जेवा."

ती हलली नाही. झगा तसाच पसरलेला.

शिवकन्येनं तांदूळ घेतले, नारळ घेतला.  पसरलेल्या झग्यात ओटी घातली.

"हे न्या... लेकरू मातर ठेवा. पाया पडते."



मग दिवा विझला.

उजाडेपर्यंत शिवकन्या पाळणा कवटाळून बसली होती. उजेडात पाहिलं, तर लेकरू हसत होतं. एक मूठ घट्ट मिटलेली. तिनं हळूच उघडली.

स्ट्रॉबेरी. लालभडक, दंवानं ओली. श्रावणात, बाळापुरात.

एका बाजूनं चावलेली होती. लेकराला तोवर एकही दात आला नव्हता.