मानेवरचा हात

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे घडलंय. जिच्या डोळ्यांदेखत घडलं ती ताई आजही आमच्या शेजारी कपडे शिवते, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही.

मंगळवारची दुपार. गावातलं एकुलतं एक सोनोग्राफी सेंटर. आतली ती अंधारी खोली.

ताईबरोबर तिची भाची होती. लहानपणी एवढीशी होती आणि एका जागी टिकायची नाही, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. मुंगीचे हात थरथरत होते. छाती धडधडायची. पोटभर जेवूनही कपडे ढगळ व्हायला लागले होते.

अगदी तिच्या आईसारखं...

तिची आई म्हणजे ताईची धाकटी बहीण. गेल्या वर्षी याच खोलीत, याच डॉक्टरांनी तिची थायरॉईड तपासली होती. गळ्यातल्या त्या ग्रंथीत रक्त सुसाट धावत असेल तर ग्रंथीच पिसाळलेली, लगेच गोळ्या हव्यात. रक्त कमी असेल तर साधी सूज, ती आपोआप बसते. डॉक्टर एका कानाला फोन लावून तपासत होते. "रक्तप्रवाह कमी आहे. सूज आहे. थांबा, बरं वाटेल."

धाकटी थांबली. आणि साध्या तापाचं निमित्त होऊन गेली.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या दिवशी सोनोग्राफी मशीनचा प्रोब, म्हणजे तो हातात धरायचा दांडा, तिच्या मानेवर नुसता टेकवला होता. पडदा लालेलाल झाला. "आधी ज्यांनी तपासलं त्यांनी जोरात दाबलं असणार. दाबलं की रक्त दिसतच नाही," त्या म्हणाल्या. ते वाक्य ताईच्या डोक्यातून जाईना.

मग पुन्हा त्याच माणसाकडे कशाला? कारण मोठ्या हॉस्पिटलात नंबर महिन्याभराने लागणार होता आणि मुंगीला जिना चढवत नव्हता. ताई दातओठ खातच आत शिरली.

"डॉक्टर, हलक्या हाताने करा. मागच्या वेळी दाबलं होतंत तुम्ही."

"तुम्ही बसा हो बाई. मला शिकवू नका."

त्यांनी जेल लावलं आणि प्रोब दाबला. चांगला रेटून दाबला. मुंगीने डोळे घट्ट मिटले. पडदा करडाच राहिला.

"बघा. रक्तप्रवाह कमी..."

ताई ताडकन उठली. "अहो, हात उचला! एक जीव घेतलात, पोट भरलं नाही का?"

"आवाज खाली. नाहीतर बाहेर जा." डॉक्टरांनी प्रोब स्टँडला अडकवला.

तेवढ्यात...

हुश्श... हुश्श... हुश्श...

शिलाई मशीन भरधाव सुटावं तसा आवाज.

"मशीनचा आवाज तर मी बंदच ठेवतो," डॉक्टर पुटपुटले. त्यांनी बटण दाबलं.

आवाज वाढला.

पडद्यावर एक ग्रंथी उमटली. लाल, निळी, नुसती पेटलेली. प्रोब स्टँडला लटकत होता. मुंगीची मान मोकळी होती.

मग ती पडद्यावरची ग्रंथी वर सरकली... आणि खाली आली.

कुणीतरी आवंढा गिळला होता.

ताई दारापर्यंत मागे सरकली. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. "ओळखलंत का माझ्या धाकटीला? लावा आता पुन्हा. आणि हात हलका ठेवा."

डॉक्टरांनी प्रोब लावला. हाताची सवय कुठे जाते? त्यांनी दाबलाच.

आणि त्यांचं मनगट वर उचललं गेलं.

"सोडा! कोण धरतंय?"

ताई दारापाशी उभी होती. मुंगीचे दोन्ही हात चादरीखाली होते. डॉक्टरांच्या मनगटावरची कातडी मात्र बोटांनी आवळल्यासारखी आत दबली होती.

प्रोब आता नुसता टेकला होता. पडदा लालेलाल झाला.

त्याच संध्याकाळी गोळ्या सुरू झाल्या. मुंगी वाचली. सेंटरवाल्यांनी मशीन तपासून घेतलं, त्यात काही बिघाड निघाला नाही.

त्या दुपारी घरी जाताना रिक्षात ताईला रडू आवरेना. "तुझी आई आली होती गं. तुझ्यासाठी आली होती."

मुंगी तिच्याकडे वळली.

"मला दिसली, मावशी. माझ्या उशाशी उभी होती. मी हाक मारली... तिने माझ्याकडे बघितलंच नाही."

"मग कुठे बघत होती?"

"डॉक्टरांच्या गळ्याकडे."

परवा ताईला ते डॉक्टर रस्त्यात दिसले. पार वाळले होते. भर उन्हात गळ्याला मफलर, आणि हातातली पिशवी थरथरत होती. ताईला कळलं, यांचीही ग्रंथी पिसाळली. थांबून दोन शब्द सांगावेत, असं तिच्या मनात आलं.

ती काही न बोलता पुढे निघून गेली.

तिला जराही वाईट वाटलं नाही. हे सांगताना तिने हातातला कपडा बाजूला ठेवला. "तो राग माझाच होता का रे, की धाकटीचा?" तिने मला विचारलं.