काळ्या सुळक्यामागचा दगड

मार्थाकाकूंना फक्त एक फोटो हवा होता. त्यांच्या खापरपणजीच्या भावाच्या, टॉमसच्या कबरीचा. टॉमस चौदाव्या वर्षी अमेरिकन नौदलात मिडशिपमन झाला, म्हणजे शिकाऊ अधिकारी. सतराव्या वर्षी तापानं गेला. त्याची आई अकरा वर्षं नौदलाला पत्रं टाकत राहिली, माझं पोरगं पुरलंय कुठे? उत्तर नाहीच. ते निघालं थेट २००६ साली. एका म्युझियममध्ये काकूंच्या लेकीला, प्रीताला, टॉमसच्या जहाजावरच्या मित्राची डायरी सापडली. तीत ठिकाण होतं: वॉशिंग्टन राज्याचा जंगली किनारा, काळ्या सुळक्यामागे कोरलेला दगड.

आणि डॉक्टरांनी काकूंना आठवडाच दिलेला!

त्याच राज्यातल्या बॉथेलच्या घरून तिघं निघाले. काकूंचे मिस्टर चंद्रशेखर काका, प्रीता, आणि काकांच्या बेसमेंटमध्ये राहणारा पुण्याचा प्रोग्रामर यतीन. सुळक्याला वळसा फक्त ओहोटीत घालता येतो, म्हणून यतीननं वेळांची एक्सेल शीट केली होती. दोन दिवस ते चिखल, ओंडके आणि धुकं तुडवत चालले. काकांचा गुडघा सुजला, तंबू भिजला.

तिसऱ्या सकाळी सुळका गाठला. शीटप्रमाणे भरती सुरू व्हायला अजून तासभर होता. पण पाणी वर येत होतं!

यतीननं छापील तक्ता काढला. खाली बारीक अक्षरात होतं, उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तो तास यात धरलेला आहे.

"काका, तो तास मी शीटमध्ये पुन्हा धरलाय."

"वा! दोनदा काम केलंस," काका म्हणाले, आणि तेवढ्यात घसरले. पाय दोन खडकांत अडकला. लाट छातीवर आली!

प्रीता पन्नास पावलं पुढे होती. "डॅड, आय कॅन सी इट. टू मिनिट्स."

यतीननं एकट्यानं जोर लावला. खडक हलेना. दुसरी लाट काकांच्या डोक्यावरून गेली.

प्रीतानं एकदा त्या दगडाकडे बघितलं. मग वळली. धावत आली. दोघांनी ओढलं. हाड मोडल्याचा आवाज आला, पण पाय सुटला! वाटसरूंसाठी कड्याला बांधलेल्या दोरीच्या शिडीनं काकांना वर चढवलं तेव्हा खाली नुसता फेस होता. प्रीताच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यातून पाणी गळत होतं. पुन्हा उतरायचं नाव कुणीच काढलं नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या रेंजरच्या चौकीतून प्रीतानं फोन लावला. सगळं खरं सांगितलं. यतीन मान खाली घालून बसला होता. पलीकडून काकू त्यांच्या मोडक्या मराठीत एवढंच म्हणाल्या,

"लवकर या."