तिसऱ्या हाकेचं तळघर

जनरेटर बंद पडलाय, अर्ध्या तासाशिवाय काही चालू होत नाही. तेवढ्यात सांगून टाकतो.

खरी गोष्ट आहे, पोरांनो. यातला एक शब्द खोटा निघाला तर ही चहाची टपरी दिजला नदीत वाहून जावो. टपरी माझी नाही, मेहुण्याची आहे, तो भाग वेगळा. सगळं मी या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे मी तेव्हा मोसुलात नव्हतो, अर्बीलला सासुरवाडीत जेवत होतो. पण ज्याच्यावर गुदरलं त्या दहामनं मला सांगितलं, आणि दहाम थाप मारत नाही. त्याला ती जमतच नाही. आमच्या दोस्तीत ते खातं माझ्याकडे आहे.

दहाम मूळचा कय्याराचा. हल्ली पाण्याच्या मोटारी बसवतो. त्याआधी सैन्यात होता. दाएशच्या, म्हणजे आयसिसच्या, तावडीतून शहर सोडवताना जुन्या मोसुलात घराघरातून लढला. पुढे इथेच राहिला, पण जुन्या शहरातलं काम घेईना. कारण विचारलं की म्हणायचा, गल्ल्या अरुंद आहेत, मोटार नेता येत नाही.

दोन हजार तेवीस सालची दोन नोव्हेंबर, गुरुवार. दोन दिवस पाऊस लागलेला. रात्री सव्वानऊला त्याचा फोन वाजला. पलीकडे उम्म घानिम. हिच्या लेकाची मोटार दहामनंच बसवली होती, त्यामुळे हक्कानं ओरडत होती.

"अरे, उद्या नातवाचं लग्न आणि तळघरात मांडीभर पाणी! नवरीला काय होडीतून आणू?"

"खाला, सकाळी येतो."

"सकाळी तू झोपलेला असतोस. शुक्रवारी तर तुला बांगसुद्धा उठवत नाही. आत्ता ये, चहा टाकते."

पत्ता जुन्या शहरातला होता. पण लग्नघराला नाही कसं म्हणणार? दहाम मोटार खांद्यावर टाकून निघाला.

गल्ली त्याला ओळखू आली नाही. येईल कशी? निम्म्या जागी आकाश, उरलेल्या जागी सिमेंटची नवी घरं. उम्म घानिमचंही नवंच होतं. निळं लोखंडी दार, रंगाचा वास अजून गेला नव्हता. तिनं चहा दिला, पुढ्यात कलेचाची, खजूर भरलेल्या बिस्किटांची, थाळी ठेवली.

"वरचं सगळं नवं बांधलं," ती म्हणाली. "तळघर तेवढं जुनं. आधी इथे बशीर तांबट राहायचा. त्याची आई, बायको, पोरं."

"कुठे गेले?"

"तुर्कस्तानला म्हणतात. गेले असतील." ती साखर ढवळत राहिली. "ढिगारा उपसणाऱ्यांनी इथून काय काय नेलं, कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. घर हवं होतं रे."

"तुम्ही कुठे होतात, लढाईत?"

"पलीकडच्या गल्लीत, असल्याच तळघरात. एकोणीस माणसं आणि एक बकरी. बकरीच सगळ्यात शहाणी, तोंड उघडत नव्हती." ती हसली, मग थांबली. "दाएशवालेही हाका मारायचे ना. सैन्याच्या बोलीत. 'बाहेर या, आम्ही सोडवायला आलोय.' जो बाहेर आला तो संपला. पण त्यांना धीर नसायचा. दोनदा ओरडायचे नि आत घुसायचे. सैन्यवाले तीनदा हाक मारायचे, मध्ये थांबून. भिंतींना भोकं पाडलेली होती, त्यांतून घरोघर निरोप गेला. दोन हाकांना श्वाससुद्धा सोडायचा नाही. तिसरीला बोलायचं."

दहामचा पेला ओठांपाशी राहिला.

तीन हाका हा त्याच्या कॅप्टनचा, मुहन्नदचा नियम होता. तळघरात हातबॉम्ब टाकायच्या आधी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून तीनदा ओरडायचं, 'आत कोणी घरचं आहे का? बाहेर या!' आणि दर हाकेनंतर दहापर्यंत मोजायचं. पोरं कुरकुरायची. "साहेब, आत दाएशवाला असला तर त्यालाही दहा मिळतात." मुहन्नद म्हणायचा, "ठाऊक आहे. वर्दी तू घातलीयस, त्यांनी नाही. तीन म्हणजे तीन."

दोन हजार सतराच्या जुलैत करार नावाचा पोरगा तिसऱ्या हाकेलाच गेला. खालून गोळी आली, गळ्यात. तो दहामच्या शेजारी झोपायचा, घोरायचा.

दुसऱ्या दिवशी एका जिन्याच्या तोंडाशी दहाम उभा होता. त्यानं एक हाक मारली. दहा मोजले. दुसरी मारली, पुन्हा मोजले. खालून गोळी आली, कमानीचा दगड उडाला... आणि दहामनं बॉम्ब टाकला. मागोमाग वरचं घर कोसळलं. तुकडी पुढे गेली. आत कोणी नव्हतं, असं तो सहा वर्षं स्वतःला सांगत आला होता. घरचं कोणी असतं तर बोललं नसतं का?

"चहा गार झाला की," उम्म घानिम म्हणाली.

तो उठला. मोटार उचलली. मागच्या अंगणात तळघराचं तोंड होतं. त्यानं फोनचा दिवा वर केला.

दगडी कमान. कमानीत कोरलेलं डाळिंब. त्याचा डावा अर्धा भाग उडालेला.

दोन वेळा दहा मोजताना तो याच डाळिंबाकडे बघत होता.

पळावं असं त्याला वाटलं. पण वर म्हातारी गाद्या मोजत होती, आणि उद्या लग्न होतं. तो खाली उतरला. पहिली पायरी. दुसरी. चौथी पायरी मोडकी, काळी पडलेली. त्यानं पाइप सोडला, मोटार पायरीवर ठेवली, चालू केली. पाणी उतरू लागलं. मांडीभर... गुडघाभर... घोट्यापर्यंत.

चार बोटं राहिलं, आणि मोटार थांबली.

वायर ठीक होती. वर दिवा जळत होता. मोटार मात्र थांबली होती.

शांतता.

रिकाम्या खोलीची शांतता दहामला ठाऊक होती. ही ती नव्हती. ही भरलेली होती. कोणीतरी दम धरला होता. एकानं नाही... बऱ्याच जणांनी. एखादं तान्हं असावं, त्याच्या तोंडावर हात असावा.

त्याचा हात जिन्याच्या भिंतीवर होता. भिंत गरम होती.

हाक मारली आणि कोणी बोललं नाही, तर आत कोणी नव्हतं. तो सुटला. आणि जर...

त्यानं मनात दहा मोजले. आठला अडखळला. पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"आत... आत कोणी घरचं आहे का? बाहेर या."

...

आधी श्वास सुटले. एक, मग दुसरा, मग सगळे. मग अंधारातून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. थकलेला, जराही राग नसलेला.

"आहोत, बेटा... आहोत."

पाण्यात पावलं वाजली. दहाम भिंतीला चिकटून उभा राहिला, वाट द्यायला. दिसत काही नव्हतं. अंगाला कापड घासत होतं. जळक्याचा वास. एक... दोन... एक अगदी ठेंगणं, त्याच्या गुडघ्याशी.

"सावकाश," तो म्हणाला. "चौथी पायरी मोडकी आहे."

पावलं चौथीशी थबकली. ओलांडून वर गेली.

मोटार आपोआप चालू झाली.

तो वर आला तेव्हा उम्म घानिम अंगणात कमरेवर हात ठेवून उभी होती. "दार सताड उघडं टाकलंस? सगळा गारठा आत. आणि खाली कोणाशी बोलत होतास?"

"पाणी गेलं, खाला," तो म्हणाला. एवढंच.

घरी येऊन त्यानं मोटार खाली ठेवली. मोटार चिंब ओली होती, पाइप ओला, त्याची विजार मांडीपर्यंत ओली. मोटारीच्या मुठीला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधलेली होती. लहान मुलाच्या बनियनची, कडेला शिवण असलेली. लढाईत बाहेर पडणारी माणसं असलंच पांढरं काठीला बांधून हलवायची. ती पट्टी कोरडी होती. अगदी कोरडी, उन्हात वाळत घातल्यासारखी.

ती अजून दहामकडे आहे. मी हातात घेऊन पाहिली आहे. हे खरं. अर्बीलचंही खरं. तळघराचं खरं.

आता खोटं कुठलं तेही सांगतो, नाहीतर मेहुण्याची टपरी जायची.

करारला गोळी लागली, ती खरी. दुसऱ्या दिवशीची गोळी, ते डाळिंब उडवणारी... ती मी गोष्टीत घातली. दहामनं सांगितलं तेव्हा ती नव्हती. मी त्याला म्हटलंसुद्धा, अरे, आली असेल, नीट आठव. तो म्हणाला, नाही. डाळिंब माझ्याच बॉम्बनं उडालं.

दोस्त आहे. त्याला त्या जिन्यावर नुसत्या भीतीसोबत उभं करणं माझ्याच्यानं होईना, म्हणून दर वेळी एक गोळी घालतो.

खालून काहीच आलं नव्हतं, पोरांनो. ते दम धरून बसले होते.