मागचा धुरा

गाडी एकोणीसशे चौतीस सालची, विलायती. तक्रार एकच: मागून डाव्या बाजूने टक् टक् आवाज. बाहत्तर सालच्या मे महिन्यात, सकाळी दहाच्या उन्हात कृष्णकांतरावांनी ती कामठी रोडवर माझ्या गॅरेजात आणून उभी केली.

"भैयाजी, रविवारी शामलाचं लग्न आहे. पोरीले याच गाडीत छिंदवाड्याले पाठवाचं आहे. रस्त्यात घाट आहे. काही बिघाड असन तर आताच सांगा."

"गाडी सांगते ना," मी म्हटलं. "आपण ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आवाज आला म्हणजे काहीतरी ढिलं आहे, बस्स. मी जॅक लावून डावा कोपरा उचलला, चाक काढलं. तेवढ्या वेळात कृष्णकांतराव आपल्या वडिलांबद्दल सांगत होते. ही गाडी देवाजींची, आणि मागची डावी जागाही त्यांचीच. तीन वर्षांपूर्वी वारले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी ‘पाहा, पाहा’ असा एकच धोशा लावला होता: "बापू, मागचा धुरा पाय गा."

आमच्या वऱ्हाडी माणसाला धुरा म्हणजे शेताचा बांध. कृष्णकांतरावांनी मोजणीदार बोलावला, मागचा बांध मोजला, शेजारच्या नत्थूजीशी कायमचं वाकडं घेतलं. बांध जागच्या जागी होता. म्हातारा मात्र डोळे मिटेपर्यंत नुसती नकारार्थी मान हलवत राहिला.

"शेवटी मीच वैतागलो," कृष्णकांतराव म्हणाले. "म्हटलं, बाबा, आता चूप राहा ना. तसे मग चूपच झाले."

मी ॲक्सल ओढून बाहेर काढला. रॉकेलमध्ये भिजवला, कोरडा पुसला आणि वरून खडू फासला. चीर असली की आत मुरलेलं रॉकेल खडूवर उमटतं. थोड्या वेळात पांढऱ्यावर काळी रेघ उमटली, जवळजवळ पूर्ण गोल. हातोडी नुसती टेकवली तर ॲक्सलचे दोन तुकडे झाले. आतली चीर गंजून काळी पडली होती, म्हणजे जुनी होती. नवं, चकचकीत लोखंड सुतळीएवढंच. एवढ्यावर गाडी तीन पावलं चालू नये, ती तीन वर्षं चालली होती.

इतवारी बाजारातला खरादवाला, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा, चंद्रभान नव्या ॲक्सलचं माप घ्यायला आला. मूळचा जबलपूरचा. तुकडे पाहून म्हणाला, "अरे बाप रे, ये धुरा तो कब का गया!"

कृष्णकांतरावांचा चेहरा उतरला. "काय म्हटलं यानं?"

"धुरा," मी म्हटलं. "हिंदीत ॲक्सलले धुराच म्हणतात."

"बाबाचा ड्रायव्हर जबलपूरचाच होता, तोही धुराच म्हणे," ते म्हणाले आणि तिथेच स्टुलावर बसले.

मी चंद्रभानसोबत इतवारीत गेलो. नवा ॲक्सल समोर उभं राहून करून घेतला, रॉकेल-खडू करून पाहिला. निष्कलंक होता. परत येताना आठवलं. माझा जॅक गळका. तासाभरात बसतो, म्हणून खाली ठोकळा ठेवायचा माझा शिरस्ता. घाईत तो राहिला होता.

धावत गॅरेजात शिरलो. कृष्णकांतराव उघड्या कोपऱ्याखाली आडवे पडून चिंधीने ग्रीस पुसत होते.

"बाहेर या! आधी बाहेर या!"

ते सरपटत बाहेर आले. जॅक पार खाली बसला होता. जॅकच्या डोक्यात आणि गाडीत वीतभर अंतर होतं, आणि कोपरा वरच होता.

मी लोखंडी सळई खालून फिरवली. ती कुठेच अडली नाही. मडगार्डवर तळहात ठेवून दाबलं. खालून कोणीतरी तितक्याच जोराने वर रेटलं.

मी जॅक पुन्हा लावला नाही. का, ते विचारू नका. नवा ॲक्सल चढवला, चाक बसवलं, नट आवळले. चाक जमिनीपासून चार बोटं वर तसंच राहिलं.

मला माझीच लाज वाटली, पण बोललो.

"देवाजी, धुरा पाहिला. बदलला. ठेवा आता."

गाडी सावकाश खाली आली. कमानी, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, त्याही कुरकुरल्या नाहीत.

कृष्णकांतराव ढसाढसा रडले. "मी बाबाले चूप राहा म्हटलं, भैयाजी. मी म्हटलं तसं."

रविवारी पाठवणीला मी मुद्दाम गेलो. दारात बँड वाजत होता. मागे उजवीकडे शामलाची आत्या इंदुताई बसली, तशी तिकडची कमान दबली. मग शामला डावीकडे बसली. तिच्या पायाशी भांड्यांनी भरलेली लोखंडी पेटी दोघांनी उचलून ठेवली.

डावी कमान तसूभरही दबली नाही.

मला आधी बरं वाटलं. आजोबा नातीसोबत चालले आहेत.

मग लक्षात आलं: खडूला वरची चीर दिसते, लोखंडाच्या पोटातली नाही. नवा ॲक्सल चांगला असता तर त्यांनी पुन्हा खांदा कशाला लावला असता?

"थांबवा! कृष्णकांतराव, गाडी थांबवा!"

बँडच्या गोंगाटात कोणालाच ऐकू गेलं नाही. शामलाने मागच्या काचेतून मला हसून हात केला, आणि गाडी छिंदवाड्याच्या रस्त्याला लागली.