कापडाची मांडी

“मास्तर, मला एक मांडी शिवून द्याल का?”

काजं करत बसलेल्या मावशीच्या हातून सुईच पडली. हा तरुण पाच मिनिटांपूर्वी बॅगेची चेन बदलायला आला होता आणि ‘मास्तर’ शिवत असलेल्या तीन कप्प्यांच्या पिशवीकडे टक लावून बसला होता. मास्तर म्हणजे मावशीची भाची. वडिलांमागे कात्री हाती घेतलेली, आणि आजवर वीतभर कापडही वाया न घालवलेली.

“कापडाची हो!” तो गडबडला. “मी शरीररचना शिकवतो. मांडीत असेच तीन कप्पे असतात. पुढचा गुडघा सरळ करतो, मागचा दुमडतो, आतला पाय जवळ ओढतो. प्रत्येकाची नस वेगळी. मुलं पाठ करतात नि विसरतात. उघडून बघता आलं तर… उजवी मांडी हवी.”

तिने काम घेतलं. मग तो रोज संध्याकाळी यायला लागला. कापूस किती भरायचा, कप्प्यांमधला पडदा कुठे जाड…

“सर, आज कुठला स्नायू राहिला?” मावशी विचारायची.

एकदा त्याने तांबडी फीत आणली. “हा सगळ्यात लांब. कमरेच्या बाहेरून गुडघ्याच्या आत, पुढच्या कप्प्यातून तिरका. लॅटिनमध्ये याला शिंप्याचंच नाव दिलंय.”

“म्हणजे पुढच्या कप्प्यात आम्हीच!” भाची हसली. फीत घेताना बोटांना बोटं लागली आणि नंतर कितीतरी वेळ तिला सुईत दोरा ओवता आला नाही.

शेवटचा टाका घातला त्या दिवशी तिला काही सुचेना. उद्यापासून तो कशाला येईल?

त्याने मांडी हातात घेऊन फिरवली. “मास्तर… ही डावी झालीय.”

तिने ती आपल्या उजव्या मांडीला लावून पाहिली. आतला कप्पा बाहेर! तिची कानशिलं तापली.

“तुम्ही तुकडे जोडायला घेतलेत तेव्हाच दिसलं होतं मला,” तो खाली बघत म्हणाला.

“आणि गप्प बसलात? पंधरा दिवस राबले मी!”

“बोललो असतो तर आज काम संपलं असतं. मग इथे यायला कारणच… मला ते सोसवलं नसतं.”

मावशी काजात डोकं खुपसून बसली होती. भाचीने टेबलाखालून एक गाठोडं काढलं.

“पँटी कापणारा हात आहे हा. कापड दुहेरी घालूनच कात्री चालते. दोन्ही पाय कापले होते, शिवायला चुकीचा उचलला. आता सगळं हातात बसलंय, उजवी दोन दिवसांत होईल.”

“दोनच?” त्याचा चेहरा एवढासा झाला.

तिने गाठोडं बाजूला सारलं आणि गळ्यातली टेप काढली.

“उभे राहा. माप घेते. मांडी झाली की तुमची पँट, पँट झाली की शर्ट.”

“आणि… शर्ट झाला की?”

तिने टेप त्याच्या खांद्यावर टेकवली आणि हात तिथेच राहू दिला.

“मग कारणाशिवाय या.”